नाव ठेवण्याआधी मूळ नमुना पाहा

पावसाळा मुरला की डांगच्या जंगलात ओढ्याकाठची माती, खडकांच्या सावलीतल्या कपारी आणि जुन्या बांधकामांचे ओले पाये चपट्या हिरव्या यकृतकांनी (लिव्हरवर्ट) भरून जातात. सुरत, व्यारा, नवापूर, नंदुरबार इथल्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक आणि विद्यार्थी या दिवसांत नमुने आणतात, ब्लेडने छेद घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि हाताशी असलेल्या ओळखतक्त्यात नाव शोधू लागतात. पुष्कळदा नमुना कोणत्याच वर्णनात नीट बसत नाही. मग दोन मोह होतात. एक, जवळात जवळचे नाव लावून पाकीट बंद करण्याचा. दुसरा, नवी जाती सापडली म्हणून शोधनिबंध लिहायला बसण्याचा. त्या घडीला दोन्ही चूकच, कारण दोन्हींत एक पायरी गाळलेली असते: ते नाव ज्या नमुन्यावरून पडले तो नमुना कोणी पाहिलेलाच नसतो. उष्ण कटिबंधातल्या यकृतकांची नावे आज झपाट्याने बदलत आहेत. त्याचे श्रेय बहुतेक वेळा डीएनएला दिले जाते, पण या बदलांमागे सुकलेल्या, कधी कधी नखाएवढ्या मूळ नमुन्यांची फेरतपासणी फार मोठ्या प्रमाणावर आहे. ही तपासणी युरोपातल्या तज्ज्ञांनीच करायची असते, हा आपल्याकडचा समज सोडायला हवा. दक्षिण गुजरातेतल्या अभ्यासकासाठी या कामात एक जागा आहे आणि ती युरोपात बसून भरता येत नाही. ते काम कसे करायचे, हे इथे मांडतो.

आधी नियम समजून घेऊ. जातीचे शास्त्रीय नाव तिच्या वर्णनाला बांधलेले असते असे आपण धरून चालतो. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार ते बांधलेले असते एका ठरावीक नमुन्याला. त्याला प्ररूप किंवा सरळ ‘टाइप’ म्हणतात. वर्णन अपुरे असो, चुकीचे असो, त्यातली मापे हुकलेली असोत. नाव त्या नमुन्याबरोबर जाते. नमुना ज्या जातीचा ठरेल त्या जातीचे ते नाव, आणि एकाच जातीला दोन नावे पडली असतील तर आधी प्रसिद्ध झालेले टिकते. यकृतकांसाठी ही मोजणी लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून सुरू होते. नव्या जातीचे नाव वैध होण्यासाठी प्ररूप सांगणे सक्तीचे झाले १ जानेवारी १९५८ पासून, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे लिहिणे १९९० पासून. म्हणजे त्याआधीच्या शेकडो नावांमागे ‘हाच तो नमुना’ असे कोणी बोट ठेवून सांगितलेलेच नाही. मूळ लेखकाने वापरलेल्या पाकिटांतून एक निवडून त्याला लेक्टोटाइप ठरवणे हे काम पुढच्यांवर येते. तुम्ही ते केलेत तर निबंधात ‘येथे निवडला आहे’ अशा अर्थाचे शब्द स्पष्ट हवेत. २००१ पासून त्याशिवाय निवड ग्राह्य धरली जात नाही. इतक्या एका वाक्याच्या अभावी चांगल्या कामावर पाणी पडते.

हा प्रश्न उष्ण कटिबंधातच इतका का चिघळला याचे उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात प्रवासी, मिशनरी, वनाधिकारी आणि लष्करी डॉक्टर यांनी आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून पाकिटे पाठवली, आणि मूठभर युरोपीय तज्ज्ञांनी त्यांना नावे दिली. गोट्शे, लिंडेनबर्ग आणि नेस यांचा ‘सिनॉप्सिस हेपॅटिकारम’ १८४४ ते १८४७ मध्ये आला. विल्यम मिटनने ईस्ट इंडीजच्या यकृतकांची यादी १८६१ च्या सुमारास छापली. आणि त्यानंतर लाइपझिगच्या फ्रांत्स श्टेफानी यांनी १८९८ ते १९२५ या काळात ‘स्पेसीज हेपॅटिकारम’चे सहा खंड काढले. एकट्या श्टेफानी यांनी चार हजारांहून अधिक जातींना नावे दिली. बहुतेक वर्णने सुकलेल्या तुकड्यांवरून, पुष्कळदा एकाच पाकिटावरून केलेली. वनस्पती जिवंत असताना कशी दिसते, ओल्या आणि कोरड्या जागी ती किती बदलते, हे त्यांना पाहायला मिळाले नाही. यकृतकांचे बीजाणू वाऱ्यावर दूर जातात आणि अनेक जाती साऱ्या उष्ण पट्ट्यात पसरलेल्या असतात. त्यामुळे एकच जाती जावातून आली तर एक नाव, नेपाळमधून आली तर दुसरे, आफ्रिकेतून आली तर तिसरे, असे घडत गेले. प्लॅजिओकायला या एकाच प्रजातीत सोळाशेहून अधिक नावे प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष जाती तज्ज्ञांच्या अंदाजाने चारशे-पाचशेच असाव्यात. श्टेफानी यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्याइतके काम त्या साधनांत दुसऱ्या कोणी केले असते असे मला वाटत नाही. त्यांचा संग्रह आणि हजारो रेखाचित्रे जिनिव्हाच्या वनस्पतिसंग्रहात आहेत, आणि आजचा अभ्यासक त्यांच्यावरच उभा आहे.

आपल्या वर्गखोलीतले उदाहरण घेऊ. भारतातली पाठ्यपुस्तके आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या अजूनही मार्कँशिया नेपालेन्सिस आणि मार्कँशिया पाल्माटा ही नावे वापरतात. पॅरिसच्या हेलेन बिश्लर यांनी १९८९ मध्ये आशिया आणि ओशनियातल्या मार्कँशियांची उजळणी प्रसिद्ध केली. तिच्यासाठी निरनिराळ्या संग्रहांतले मूळ नमुने तपासलेले होते. त्यानुसार लेमान आणि लिंडेनबर्ग यांनी १८३२ मध्ये नेपाळच्या नमुन्यावरून केलेली नेपालेन्सिस ही बर्तोलोनी यांनी १८१७ मध्ये इटलीतून वर्णन केलेली मार्कँशिया पॅलिएसियाच ठरते. पंधरा वर्षे आधीचे नाव टिकले. पाल्माटा हे नाव मार्कँशिया इमार्जिनाटामध्ये विलीन झाले. इथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा, कारण आपल्याकडच्या याद्यांत सर्वाधिक गोंधळ त्यानेच होतो. ‘पाल्माटा म्हणजे इमार्जिनाटा’ याचा अर्थ पाल्माटाचा मूळ नमुना इमार्जिनाटाचा आहे, एवढाच. आपल्या महाविद्यालयात पाल्माटा म्हणून लेबल लावलेली प्रत्येक बाटली इमार्जिनाटाच असेल, असे त्यातून निघत नाही. त्या बाटलीतली वनस्पती तिसरीच असू शकते आणि नाव चुकून लागलेले असू शकते. जुन्या यादीतली सगळी नावे एका झटक्यात नव्या नावांनी बदलणे म्हणूनच धोक्याचे. नाव बदलताना प्रत्येक वेळी नमुनाही पुन्हा तपासावा लागतो.

आता कामाची रीत. पहिली पायरी म्हणजे मूळ प्रसिद्धी वाचणे. ज्या नावाबद्दल शंका आहे ते पहिल्यांदा जिथे छापले तो मजकूर काढा. पाठ्यपुस्तकातला उतारा त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ मजकूर पुष्कळदा चारच ओळींचा लॅटिन असतो, पण त्यात ठिकाण, गोळा करणारा, कधी क्रमांक आणि तो कोणाच्या संग्रहातून आला हे सापडते. जैवविविधतेच्या जुन्या ग्रंथांचे मुक्त ऑनलाइन ग्रंथालय असलेल्या बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत एकोणिसाव्या शतकातले बहुतेक ग्रंथ फुकट उघडतात. सुरतेत बसून श्टेफानी वाचता येतो, ही सोय वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नव्हती. नाव सध्या कोणत्या जातीत धरले आहे हे पाहायला स्योडरस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये काढलेली यकृतका आणि शृंगकांची जागतिक यादी वापरा. तिच्यात ७४८६ जाती मान्य केल्या आहेत. त्या यादीत शंकास्पद जातींना खुणाही केल्या आहेत. खूण असलेले नाव म्हणजे ज्याच्या मूळ नमुन्याचा नीट अभ्यास व्हायचा आहे असे नाव, आणि तुमच्या कामाचा विषय तिथेच निवडायला मिळतो. भारतापुरते पाहायचे तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची २०१६ ची सटीप यादी आहे. गुजरातसाठी चौधरी, शर्मा आणि सनाढ्य यांचे २००६ चे पुस्तक आहे.

दुसरी पायरी, नमुना कुठे आहे हे शोधणे. श्टेफानी यांचे प्ररूप जिनिव्हात, मिटनचा संग्रह १९०६ मध्ये न्यूयॉर्कला गेला, लिंडेनबर्गचा व्हिएन्नात, नेस यांच्या यकृतका स्ट्रासबुर्गमध्ये. गोट्शे यांचा संग्रह बर्लिनला होता आणि १९४३ च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात ते हर्बेरियम जळाले तेव्हा तोही गेला. म्हणून गोट्शे यांच्या नावांसाठी लगेच नवा प्ररूप नेमू नका. त्यांनी मित्रांना वाटलेली दुय्यम पाकिटे इतर संग्रहांत असू शकतात आणि ती आधी शोधावी लागतात. सगळे काही युरोपातच आहे असेही नाही. एस. के. पांडे, रामउदार आणि त्यांच्या शिष्यांनी केलेल्या जातींचे पुष्कळ नमुने लखनौ विद्यापीठात आहेत. मोठी हर्बेरियमे प्ररूपांची छायाचित्रे ऑनलाइन ठेवतात. त्यावरून लेबल, हस्ताक्षर, वनस्पतीचा आकार कळतो. पेशी आणि बीजाणू कळत नाहीत. छायाचित्र पाहून ‘मी प्ररूप तपासला’ असे लिहू नका, ‘छायाचित्र पाहिले’ असे लिहा. प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर संग्रहपालाला पत्र पाठवा, आणि ते वैयक्तिक न ठेवता विभागाकडून किंवा नोंदणीकृत हर्बेरियमकडून जाऊ द्या. नेमके काय पाहायचे आहे ते लिहा: अमुक बीजाणूचे पृष्ठ, अमुक खवल्याचे टोक. अनेक संग्रह प्ररूप उधार देत नाहीत, पण नेमका प्रश्न विचारला तर संग्रहपाल स्वतः सूक्ष्मदर्शकाखालचे छायाचित्र काढून पाठवतात. मोघम विनंतीला मोघमच उत्तर येते.

नमुना हाती आला तर हात राखून काम करा. पाकीट उघडले की आधी सगळ्याचे छायाचित्र, मग लेबलाची नक्कल, मग लहानसा तुकडा काढून कोमट पाण्यात फुगवणे. सगळा नमुना भिजवू नका, उकळू तर मुळीच नका. केलेले छेद आणि सुटी पाने वेगळ्या लहान पाकिटात घालून मूळ पाकिटातच परत ठेवा आणि त्यावर तारखेसह तुमची चिठ्ठी लावा. यकृतकांच्या बाबतीत एक गोष्ट फुलझाडांवर काम करणाऱ्याला सुचत नाही: एकाच पाकिटात दोन-तीन जाती गुंतलेल्या असतात. रिक्सियाच्या चकतीखाली दुसरी रिक्सिया, प्लॅजिओकायलाच्या खोडावर बारीक लेज्यूनिया. मूळ लेखकाने वर्णन कशाचे केले आणि लेक्टोटाइप निवडणाऱ्याने कोणता तुकडा धरला, हे जुळत नसेल तर नाव भलत्याच वनस्पतीला जाऊन चिकटते. मूळ मजकुराशी जुळणारा भाग बाजूला काढून, त्याचे चित्र देऊन, तोच प्ररूप आहे असे लिहावे लागते. पूर्वी कोणी लेक्टोटाइप निवडला असेल तर तीच निवड पाळावी लागते. सहसा मूळ वर्णनाशी तिचा गंभीर विरोध दाखवता आला तरच ती बाजूला ठेवता येते. तेव्हा आधीचे लेख नीट चाळा.

दक्षिण गुजरातेतल्या अभ्यासकाची खरी जागा इथून पुढे आहे. सुकलेल्या यकृतकेत काही गोष्टी राहातच नाहीत. पेशींतले तैलपिंड, म्हणजे त्यांची संख्या, आकार, रंग आणि ते कणमय आहेत की एकजिनसी, ही ओळखीची उत्तम खूण आहे. शूस्टर आणि हातोरी यांनी १९५४ मध्येच ते सविस्तर दाखवले. नमुना वाळला की काही दिवसांत ते विरून जातात. श्टेफानी यांनी ते पाहिले नाहीत आणि प्ररूपात आज कोणालाच दिसणार नाहीत. मूळ ठिकाणाहून आणलेला ताजा नमुना, तोही त्याच दिवशी तपासलेला, एवढ्यावरच ही उणीव भरून निघते. वाळल्यावर खुणा हरवण्याचे सायॅथोडियम हे बोलके उदाहरण. सावलीतल्या ओल्या विटांवर सोनेरी-हिरवी चमक देणारी ही नाजूक वनस्पती. तिच्या अंगात पेशींचे दोनच पातळ थर आणि मध्ये हवेच्या पोकळ्या, त्यामुळे दाबून वाळवली की तिचा कागद होतो. बडोद्याचे ए. आर. चव्हाण यांनी १९३७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी’त सायॅथोडियम बरोडी ही नवी जाती प्रसिद्ध केली आणि तिला शहराचेच नाव दिले. हेच चव्हाण पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात होते आणि १९६६ मध्ये त्यांनी जी. एम. ओझा यांच्यासह पावागढची वनस्पतिसूची काढली. नाव पडले ते वर्ष १९३७ चे, म्हणजे प्ररूप आणि संग्रह सांगण्याची सक्ती येण्याआधीचे.

समजा या नावाची फेरतपासणी तुम्ही हाती घेतली. सायॅथोडियम कॅव्हर्नारम ही या प्रजातीतली जुनी जाती, १८३४ ची. तिचा प्ररूप क्यूबातला आहे. भारतातल्या याद्यांत ते नाव सर्रास दिसते. बरोडी हे कॅव्हर्नारमचे दुसरे नाव आहे की स्वतंत्र जाती, हे ठरवायचे तर तुलना बडोद्याच्या नमुन्याची क्यूबाच्या नमुन्याशी व्हायला हवी. भारतातल्या एका ‘कॅव्हर्नारम’ची दुसऱ्या ‘कॅव्हर्नारम’शी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही, आणि तरी आपल्याकडचे पुष्कळ निबंध नेमके तेच करतात. चव्हाणांचा मूळ मजकूर वाचा. त्यात नमुना नेमका सांगितला नसेल तर त्यांनी वापरलेली पाकिटे शोधा, बडोदा विद्यापीठाच्या हर्बेरियमपासून सुरुवात करा. पाकीट मिळालेच नाही तरी वाट बंद होत नाही: मूळ लेखातली चित्रेही संहितेच्या दृष्टीने मूळ साहित्य आहेत आणि त्यांतून लेक्टोटाइप निवडता येतो. चित्र असताना नवा प्ररूप म्हणजे निओटाइप नेमता येत नाही. चित्रातून बीजाणूंवरचे काटे मोजता येत नसतील तर बडोद्यातून ताजा, पक्व बीजाणू असलेला नमुना आणून त्याला एपिटाइप, म्हणजे पूरक प्ररूप, म्हणून जोडा. तो कोणत्या प्ररूपाला आधार देतो ते निबंधात स्पष्ट लिहा, नाहीतर नेमणूक ग्राह्य नाही. सुरतेहून बडोदा रेल्वेने दोन-तीन तासांवर आहे. जिनिव्हातल्या तज्ज्ञाला हे काम करायला दोन पावसाळे आणि एक अनुदान लागेल. नर, मादी इंद्रिये एकाच अंगावर आहेत की वेगळ्या, खवले कसे, बीजाणूंवरचे उंचवटे टोकदार की बोथट, हे सगळे पावसाळा संपता संपता, कुपी पक्व झाल्यावर पाहा. जुलैतल्या वांझ नमुन्यावरून निर्णय देऊ नका.

ठिकाणाचा प्रश्न आपल्या भागात विशेष गुंतागुंतीचा आहे. जुन्या लेबलावर ‘बॉम्बे’ असेल तर ते शहर असेल, इलाखा असेल किंवा १९६० पूर्वीचे राज्य असेल. त्यात डांगपासून कारवारपर्यंत काहीही बसते. डांगचा कारभार इंग्रजी काळात आधी खानदेशाच्या आणि नंतर सुरतेच्या अधिकाऱ्यांकडे होता, तेव्हा ‘खानदेश’ लिहिलेला नमुना आजच्या धुळे-जळगावचाच आहे असे समजू नका. बडोदा संस्थानाचे प्रांत ब्रिटिश हद्दीत तुकड्या-तुकड्यांनी पसरले होते. ‘बरोडा’ म्हणजे शहर की संस्थान, हे संदर्भावरून ठरवावे लागते. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर आजही अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. मूळ ठिकाण चुकीचे धरले तर एपिटाइपही चुकतो. तुमच्या स्वतःच्या लेबलावर तरी गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, कशावर वाढली होती आणि तारीख हे सगळे लिहा. ‘सापुतारा, ओली जागा’ एवढ्यावर भागवू नका.

डीएनएमुळे हे सगळे कालबाह्य झाले, असा आक्षेप सगळ्यात आधी येतो. तो गांभीर्याने घ्यायला हवा, कारण प्रजातींच्या सीमा डीएनएने खरोखरच हलवल्या आहेत. २०१६ मध्ये डेव्हिड लाँग आणि सहकाऱ्यांनी प्रायसिया आणि बुसेजिया या प्रजाती मार्कँशियात मिसळल्या, ते डीएनएच्या आधारावरच. पण नाव कोणते टिकले ते पाहा: लिनियसचे मार्कँशिया, कारण ते जुने. ॲथॅलॅमियाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. फाल्कनर यांनी १८४८ मध्ये हिमालयातल्या ॲथॅलॅमिया पिंग्विसवरून ही प्रजाती केली. श्रीलंकेच्या रुबसिंघे आणि लाँग यांच्या अभ्यासात त्या प्रजातीतल्या इतर जाती पिंग्विसशी जुळेनात. मग त्या जाती क्लेव्हियात गेल्या आणि ॲथॅलॅमिया हे नाव एकट्या पिंग्विसकडे राहिले, कारण प्रजातीचा प्ररूप तीच होती. डीएनए नमुन्यांचे गट पाडतो. कोणत्या गटाला कोणते नाव, हे प्ररूप सांगतो. प्ररूपाशी तुलना न केलेल्या नमुन्याचा डीएनए-क्रम सार्वजनिक संग्रहात एका नावाखाली टाकला की ती चूक शंभर निबंधांत उतरते. जुन्या प्ररूपातून डीएनए काढता येतो हे खरे, पण त्यासाठी नमुन्याचा तुकडा नष्ट करावा लागतो आणि नखाएवढ्या पाकिटातून तुकडा द्यायला संग्रहपाल सहज तयार होत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: एका सुकलेल्या तुकड्यावर साऱ्या जातीचे नाव टांगणे अशास्त्रीय नाही का? प्ररूपाने जातीचे सरासरी रूप दाखवावे अशी अपेक्षा असती तर हा आक्षेप बरोबर ठरला असता. संहिता तशी अपेक्षा करत नाही. जातीचा पसारा किती, तिच्यात फरक किती, हे जंगलातल्या अनेक वसाहतींवरून ठरवायचे. त्या पसाऱ्यात प्ररूप कुठे पडतो ते पाहून नाव लावायचे. याचाच दुसरा भाग असा की प्ररूप-अभ्यास म्हणजे नावे एकत्र करणे, हा समजही फसवा आहे. कोनोसेफॅलम कोनिकम या जुन्या, सर्वपरिचित जातीत २००५ मध्ये श्वेयकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी कोनोसेफॅलम सेलेब्रोसम वेगळी केली. जुने नाव त्यांपैकी कोणाचे, हे ठरवल्याशिवाय तो विभाग पुराच झाला नसता. बडोद्याची सायॅथोडियम क्यूबाच्या जातीत घालण्याची घाई करू नका ती याचसाठी. महासागराच्या दोन काठांवरची साधी, लहान वनस्पती सारखी दिसते म्हणून एकच असते असे नाही. शंका राहिली तर पाकिटावर जातीच्या नावाआधी ‘सीएफ.’, म्हणजे ‘तुलना करा’, असे लिहून ठेवा. ते चिन्ह लावायला आपल्याकडे लाज का वाटते, कळत नाही.

नावे सतत बदलल्याने शिकवणे अवघड होते, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे, पण तिचा इलाज सोपा आहे: प्रात्यक्षिकाच्या वहीत नव्या नावाखाली जुने नाव लिहा आणि परीक्षेत दोन्ही ग्राह्य धरा. जे नाव फार रुळलेले आहे ते नियमाला अपवाद करून टिकवायची सोयही संहितेत आहे.

परवानग्यांचे भान ठेवा. पूर्णा अभयारण्य आणि वांसदा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नका. अभ्यासासाठी त्यांच्या बाहेरचे बांध, कालवे आणि तापीकाठही पुरेसे आहेत. जैवविविधता कायदा २००२ नुसार नव्या जातीची माहिती नेमलेल्या भांडारसंस्थेला द्यावी लागते आणि नमुना तिथे ठेवावा लागतो; परदेशी पाठवायच्या नमुन्यांनाही त्याच कायद्याचे नियम लागू आहेत. तुमचे ताजे नमुने विभागाच्या कपाटात ठेवून निवृत्त होऊ नका. गोळा केलेल्या प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक बडोदा विद्यापीठाच्या हर्बेरियमला द्या, दुसरा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राला किंवा आघारकर संशोधन संस्थेला. पाकिटात पक्व बीजाणू असू द्या, सोबत तैलपिंडांचे त्याच दिवशी काढलेले छायाचित्र जोडा. आणि या पावसाळ्यात नवी जाती शोधण्याऐवजी एकच जुने नाव निवडा, ज्याचे मूळ ठिकाण तुम्हाला एका दिवसात गाठता येईल.